तेय्झे, तुमच्या मसुरीच्या सुपाबद्दल

प्रिय तेय्झे (तुर्कीत मावशी),

हे पत्र मुद्दाम मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्ही शिकवलेलं सूप माझ्या इकडच्या मंडळींनाही करता येईल. तुम्हाला मी ते तुर्कीत वाचून दाखवीनच.

इस्तंबूलला आले तेव्हा जो तो सांगायचा, शाकाहारी आहेस ना, मग मेर्जिमेक चोर्बासी, म्हणजे मसुरीचं सूप खा, कुठेही मिळतं. मिळतं खरंच. उस्कुदारच्या साध्या खानावळीत सकाळी न्याहारीलाही मिळतं. पण कितीतरी ठिकाणी ते हाडांच्या नाहीतर कोंबडीच्या पाण्यात शिजवतात आणि आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. हे मी तुम्हाला जिन्यात बोलता बोलता सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला तुमच्या ओट्यापाशी उभं केलंत. "कांदा नीट परतला की हाडं कशाला लागतात?" एवढंच म्हणालात.

मंद आचेवर लोणी, त्यात बारीक चिरलेला एक कांदा. तो सोनेरी होईपर्यंत तुम्ही घाई केली नाहीत. मग चमचाभर मैदा, कच्चा वास जाईपर्यंत. मग आग्नेय तुर्कस्तानातल्या आन्तेपहून तुमच्या बहिणीने पाठवलेली साल्चा, टोमॅटोची ती घट्ट, खारट चटणी. ती लोण्यात परतताना तुम्ही माझा हात धरून थांबवलंत. रंग विटकरी झाला, कडेने लोणी सुटलं, तेव्हा कुठे पाणी घालू दिलंत. मांसाच्या रश्शाशिवाय सुपाला जो भरीवपणा येतो तो इथेच येतो, हे मला तुमच्यामुळे कळलं. एक वाटी मसूर डाळ, एक गाजर, एक लहान बटाटा, सहा वाट्या गरम पाणी. हळद नाही, मोहरी नाही. जिरेपूड चिमूटभर. डाळ पार विरघळली की सगळं चाळणीतून गाळायचं. मिक्सर चालतो, पण गाळलेल्या सुपाचा मऊपणा त्याला येत नाही, हे माझंही ठाम मत झालंय.

आणि वरचं लोणी! आमचा हात कडकडीत फोडणीचा. तुम्ही मात्र लोण्याचा फेस बसताच गॅस बंद केलात आणि मगच पुल बिबेर घातलंत, कारण ती जाडसर मिरची लगेच करपते आणि कडू होते. वाळलेला पुदिना तळहातावर चुरून घातलात. लिंबू ताटात, पातेल्यात नाही. (पुण्या-मुंबईत पुल बिबेर नसेल तर बिया काढलेली काश्मिरी मिरची जाडसर कुटून घ्या, साल्चाऐवजी टोमॅटो पेस्ट.)

रमझानमध्ये मी रोजा धरत नाही हे ठाऊक असूनही इफ्तारच्या वेळी माझ्या दारात वाडगा यायचा. तो रिकामा परत करायचा नाही, ही रीत तुमच्याकडेही आहे आणि आमच्याकडेही. म्हणून कधी शिरा, कधी आमटी वर पाठवत गेले. तुम्ही आमटीतला गूळ ओळखलात याचा मला फार आनंद झाला होता. परक्या शहरात कोणीतरी आपण काय खातो याची एवढी काळजी घ्यावी, याचे आभार कसे मानू?

दिवाळीनंतर आई येतेय. तिला तुमच्याकडून एझोगेलिन शिकायचंय, तीच मसूर, पण बुलगुर आणि तांदूळ घातलेली, तुमच्या आन्तेपची. बुलगुर मी आणून ठेवते. साल्चा मात्र तुमच्या बहिणीचीच हवी.

तुमची,
खालच्या मजल्यावरची