किट नंतर घे, आधी मुलं गोळा कर

विटा,
श्रावण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि खरंच फार आनंद झाला. चिपळूणला तुमच्या शाळेत रोबोटिक्सचा संघ उभा राहतोय आणि ते काम तू अंगावर घेतलंस, याहून चांगली बातमी या पावसाळ्यात मला मिळाली नव्हती. किट कुठलं घेऊ, हा प्रश्न तू पहिला विचारलास. त्याचं उत्तर मी मुद्दाम मागे ठेवतो, कारण आधी मुलांबद्दल बोलायला हवं.

पहिल्या पाचातली मुलं उचलून संघ करू नकोस. वर्गात उभा राहा आणि विचार, घरात तुम्ही काय काय उघडून पाहिलंय? मग बघ कुणाचे हात वर होतात. आमच्याकडे एक मुलगा आहे, वडिलांचं मोटर वायंडिंगचं दुकान. गणितात जेमतेम पास होतो, पण मोटर तापतेय हे तो नुसत्या वासावरून ओळखतो. एक मुलगी आईला शिवणकामात मदत करते. पुठ्ठा असो की अ‍ॅक्रिलिक, तिच्याइतकं नेमकं कापणारं दुसरं कुणी नाही. एखादं बोलकं मूल हवंच, कारण पुढे परीक्षकांसमोर उभं राहायचं असतं. आठ ते दहा मुलं पुरेत, शक्यतो सातवी-आठवीतली. दहावीला पालक मुलांना सोडत नाहीत आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असं मला वाटत नाही. सातवीतलं मूल मात्र दोन-तीन वर्षं टिकतं आणि मागून येणाऱ्यांना शिकवतं.

आता मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. संघात निम्म्या मुली घेशीलच, पण तेवढ्यानं काम होत नाही. पहिल्याच आठवड्यात लक्ष ठेव. स्क्रू ड्रायव्हर मुलांच्या हातात जातो आणि वही मुलींच्या. "तुझं अक्षर छान आहे, तू लिही." "तू पोस्टर रंगव." कुणाच्या मनात वाईट नसतं, पण वर्षाच्या शेवटी मुलीला रोबोटबद्दल सगळं पाठ असतं आणि तिनं एकही वायर जोडलेली नसते. म्हणून आमच्याकडे नियम आहे, दर शनिवारी कामं बदलायची. या शनिवारी ज्यानं सोल्डरिंग केलं तो पुढच्या शनिवारी नोंदवही लिहितो, जिनं नोंदवही लिहिली ती प्रोग्रॅम अपलोड करते. स्पर्धा जवळ आली की मुलं म्हणतात, सर, आता ज्याला जे येतं तेच करू द्या. तेव्हा ऐकायचं नाही. काम थोडं सावकाश होतं, होऊ दे.

मोठ्यांनाही एक नियम घाल. इंजिनिअरिंगची मुलं मदतीला येतील, उत्साहानं येतील, आणि तासाभरात सगळं स्वतःच जोडून टाकतील. त्यांना प्रेमानं सांग, हात मागे बांधून बोला. तूही तसाच बोल.

आता किट. मोठ्या पेटीतलं महाग किट पहिल्या वर्षी घेऊ नकोस. पुण्यात गेलास तर तपकीर गल्लीत एक चक्कर मार. बॅटरीवर चालणाऱ्या पिवळ्या बीओ मोटर, चाकं, पुढे लावायला कॅस्टर म्हणजे सगळीकडे वळणारं छोटं चाक, बॅटरी होल्डर आणि मधे बंद राहणारे डीपीडीटी स्विच, एवढंच आण. आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणारं छोटं सर्किट बोर्ड, अजून नको. प्रत्येक रोबोटला दोन मोटर आणि दोन स्विच, बाकी लांब वायर. बॅटरीच्या तारा उलट जोडल्या की मोटर उलटी फिरते, आणि हा स्विच ती अदलाबदल एका बोटावर करून देतो. दोन्ही पुढे ढकलले की गाडी सरळ जाते. एक पुढे, एक मागे केला की ती जागच्या जागी गरकन फिरते. हे फळ्यावर सांगू नकोस. मुलांच्या हातात दे आणि गप्प उभा राहा. गाडी जागच्या जागी वळते हे एकाला सापडलं की बाकीची सगळी त्याच्याभोवती गोळा होतात. तो क्षण तू त्यांच्याकडून हिरावून घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

मग आर्डुइनो आण. त्याच्या आणि मोटरच्या मधे एल298एन नावाचा ड्रायव्हर लागतो. आपण बोटानं स्विच करत होतो तेच काम तो करतो, फक्त हुकूम प्रोग्रॅमचा असतो. स्विचची गाडी चालवलेल्या मुलांना हे एका वाक्यात कळतं. थेट किटवर बसवलेल्या मुलांना ती नुसती लाल रंगाची पाटी वाटते.

पॉवरचं आधीच लिहून ठेवतो. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मोटरसाठी वापरू नकोस. ती पुरेसा करंट देत नाही. गाडी सुटताना व्होल्टेज कोसळतं आणि आर्डुइनो पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. मुलं बिचारी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. एल298एन स्वतःच साधारण दोन व्होल्ट खातो, तोही हिशेब धर. 18650 या मापाचे दोन लिथियम सेल ओळीनं जोडले की 7.4 व्होल्ट मिळतात, ते पुरतात. पण हे सेल तुझ्या कपाटात कुलपात ठेव. शॉर्ट झाले तर आग लागू शकते. योग्य चार्जरवर आणि कुणीतरी समोर असतानाच चार्ज कर, रात्रभर लावून जाऊ नकोस. आणि आर्डुइनो व ड्रायव्हर यांचा ग्राउंड, म्हणजे ऋण बाजूची तार, एकत्र जोडलाय का, हे गाडी चालेना की सगळ्यात आधी पाहायला शिकव.

पहिला स्वयंचलित रोबोट रेषेवरून चालणारा कर. मैदान फुकट मिळतं: गावात निवडणुका, वाढदिवस यांचे जुने फ्लेक्स हवे तेवढे पडलेले असतात. ज्यांची पाठ पांढरी आहे ते निवड आणि त्यावर काळी इन्सुलेशन टेप लाव. इन्फ्रारेड सेन्सर पांढऱ्यावरून परत आलेला प्रकाश टिपतो, काळ्यावरून तो फारसा परत येत नाही. मात्र उन्हातही इन्फ्रारेड असतं. सकाळी शहाण्यासारखी चालणारी गाडी दुपारी खिडकीतून ऊन आलं की भरकटते. पडदा लाव, सेन्सर जमिनीजवळ आण, त्यावरचा निळा प्रीसेट, म्हणजे सेन्सर किती संवेदनशील ते ठरवणारा स्क्रू, फिरवून पाहा. यात एक अख्खा शनिवार गेला तर जाऊ दे, असं कारण शोधत बसणं म्हणजेच विज्ञान.

अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावशील तेव्हा नववीचं पुस्तक काढ. 'ध्वनीचा अभ्यास' या पाठात सोनार आहे, म्हणजे प्रतिध्वनीवरून अंतर काढायची पद्धत. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्याला लागलेल्या वेळानं गुणायचं आणि तो जाऊन परत येतो म्हणून निम्मं करायचं. पालक सभेत कुणी विचारलंच, याचा अभ्यासाला काय उपयोग, तर हे सूत्र त्यांच्याच मुलीला समजावून सांगायला लाव. तुला काही बोलावं लागणार नाही.

पैशाचं म्हणशील तर अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली शाळेतली प्रयोगशाळा, मिळाल्यास उत्तमच. त्या योजनेत शाळेला एकूण 20 लाखांपर्यंत अनुदान आहे, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. पण त्याची वाट पाहत थांबू नकोस. आसपासच्या एखाद्या शाळेत अशी लॅब असेल तर तिथल्या सरांशी ओळख कर. आणि एकदा मुलांना शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात ने. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली तो सुरू केला, हातानं काम करत शिकायचं या ध्यासातून. फॅब लॅब म्हणजे कॉम्प्युटरच्या मदतीनं वस्तू बनवायची कार्यशाळा; अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाबाहेरची अगदी सुरुवातीची अशी लॅब 2002 साली याच खेड्यात आली. आपल्या मुलांनी हे डोळ्यांनी पाहावं.

स्पर्धेची घाई पहिल्या वर्षी नको. पुढे फर्स्ट लेगो लीग या मुलांच्या आंतरराष्ट्रीय रोबोट स्पर्धेचा विचार कर. तिचं किट महाग असतं, तोवर पैसे उभे राहतील. तिच्या चॅलेंज गटाची रचना मला मनापासून पटते. रोबोटला अडीच मिनिटं मिळतात आणि तेवढ्यात तो स्वतःच्या प्रोग्रॅमवर कामं उरकतो. पण गुण तेवढ्यावर नसतात. मुलांनी शोधलेला प्रकल्प, रोबोटची रचना आणि संघ एकमेकांशी कसा वागतो, हेही परीक्षक पाहतात. एखाद्या मुलाला नुसतंच नोंदवहीपुरतं ठेवलं असेल तर दोन प्रश्नांत उघडं पडतं. मुलांना आधी मराठीत पोटभर बोलू दे. जे मराठीत नीट सांगता येतं ते इंग्रजीत नेता येतं. उलटं केलंस तर पाठांतर होईल.

दिवाळीच्या सुट्टीत चार मुलं घेऊन इकडे ये, दोन मुली असतील असं बघ. राहायची सोय आमच्याकडे होईल. आमच्या मुलांनी त्यांच्या जुन्या स्विचच्या गाड्या सांभाळून ठेवल्यात. त्या कशा जोडायच्या ते तुमच्या मुलांना आमची मुलंच शिकवतील, मी मधे येणार नाही. येण्याआधी मल्टिमीटर मात्र घेऊन ठेव, आणि कंटिन्युइटीचा, म्हणजे तार तुटलेली नाही हे सांगणारा, आवाज देणारा घे.

आईंना नमस्कार, वहिनींना नमस्कार सांग. मुलांची यादी ठरली की कळव.

तुझा मित्र