तिसऱ्या पिस्टनबद्दल, वस्तादांना

वस्ताद, सप्रेम नमस्कार.

मोबाइलवर तुम्ही काही वाचत नाही, तेव्हा नातवाकडून हे वाचून घ्या. पत्र उघडं लिहितेय, कारण परड्यात जुनी गाडी गंजत पडलेली घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाला काही उद्यमनगरातल्या गॅरेजातला वस्ताद भेटत नाही.

बाबांची प्रीमियर पद्मिनी गाडी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. बाबा गेले तशी ती जागेवरच राहिली. एका गॅरेजमध्ये सांगितलं होतं, इंजिन जाम आहे, भंगारात घाला आणि डिझेलचं बसवा. तुम्ही प्लग काढले, आत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणालात, "चारी न्हाई धरल्यात. तिसरा धरलाय." गाडी बंद पडते तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो, दमट हवा तिथूनच आत शिरते आणि गंजही तिथंच जास्त धरतो, हे तुम्ही किती सहज सांगितलंत! त्या एका वाक्यानं माझी निम्मी भीती गेली.

आभार मानायचे ते आधी तुमच्या "हाणू नगासा ताई, प्यायला घाला त्येला" या वाक्याचे. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं, प्लगच्या भोकातून. अ‍ॅसिटोन तेलात नीट मिसळत नाही, म्हणून दर वेळी बाटली हलवून ओतायला लावायचात. मधूनमधून फ्लायव्हीलच्या दात्यांना टॉमी (लोखंडी दांडा) लावून एकदा इकडे, एकदा तिकडे जरासा रेटा द्यायचा, बस्स. स्टार्टरला तर हातच लावू दिला नाहीत.

हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, अ‍ॅल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, त्यामुळे मधे पांढरी भुकटी धरलेली. फटीत छिन्नी घालायचा मोह मला झाला होता. तुम्ही लाकडी हातोड्यानं चारी अंगांनी थापटत हेड उचललंत, पृष्ठभागावर ओरखडा नाही. मॅनिफोल्डचा एक स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) मात्र हेडलगत तुटला. मला वाटलं, संपलं. तुम्ही त्याच्यावर नट ठेवलात, आतून वेल्डिंगचा टाका भरलात, लाली ओसरू दिलीत आणि पाना लावलात. सोडवायच्या आधी किंचित आवळलात, हे मी नीट पाहिलं. वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही आणि त्या तापानंच गंजाची पकड सुटते, म्हणून ड्रिल घेण्याआधी हे करून बघायचं, असं तुम्ही म्हणालात. (वेल्डिंगच्या आधी अ‍ॅसिटोनची बाटली रस्त्यापलीकडे नेऊन ठेवायला लावलीत, तेही विसरले नाही.)

मग तिसरा पिस्टन. चेंबर (इंजिनखालची तेलाची टाकी) खोलून चारी कनेक्टिंग रॉड सोडवले, प्रत्येक कॅपवर पंचानं नंबर मारून, म्हणजे ज्याची कॅप त्यालाच बसेल. क्रँक बाहेर. पिस्टनच्या वरचा गंज पॉलिश पेपरनं घासायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलंत आणि चहाला निघून गेलात! पिस्टन वरूनच निघणार, त्याची वाट आधी साफ पाहिजे, एवढंच सांगून. नंतर बाभळीचा गोल ठोकळा लेथवर उतरवून आणलात, सिलिंडरच्या ६८ मिलिमीटरच्या बोअरमध्ये सैल जाईल असा. आधी वरून दोन ठोके, पिस्टन केसभर खाली. मग खालून. हातोडा माझ्या हातात दिलात. तिथं तुमच्याकडची पोरं उभी होती, त्यांच्यातल्या कुणाला सांगितलं असतंत तर काम लवकर झालं असतं. बेंदराला बैलाला न्हाऊ घालावं तसं तुम्ही मधेमधे त्याच्यावर डिझेल सोडत होतात, आणि मी ठोकत होते.

रिंगा तुकड्यांनीच निघाल्या, पण पिस्टन निघाला. बोअरला खड्डे पडलेत, ब्लॉक रिबोअरला (बोअर जरा मोठं कातून घ्यायला) दिलाय. ओव्हरसाइझ पिस्टन मिळतात का तेही तुम्हीच विचारून ठेवलंत. मजुरी तुम्ही सांगितलीत तेवढीच दिली, आणि ती कमी सांगितलीत हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. त्यावर भांडायला मी येणार आहे.

क्रँक ग्राइंडिंगहून आला की फोन करते. जुळणीला तुम्ही समोर पाहिजे, पाना मी धरीन. बाभळीचा ठोकळा माझ्याकडे राहिलाय. तो परत मिळणार नाही.

तुमची,
पद्मिनीवाली ताई