झिम्बाब्वेच्या जमीनवाटपात शेतमजूर कुठे गेला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

झिम्बाब्वेच्या गोऱ्या शेतकऱ्यांना तिथलं सरकार आता नुकसानभरपाई देतंय, यावर तुमच्या पेपरात लेख आला होता. तो वाचून आमच्याकडे बरीच चर्चा झाली, आणि त्या चर्चेत जे राहून गेलं ते लिहावंसं वाटलं म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, जमलं तर पूर्ण छापा.

चर्चा कशी झाली तर निम्मे लोक म्हणाले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रॉबर्ट मुगाबेंनी बरोबर केलं, गोऱ्यांनी लुटलेली जमीन परत घेतली. निम्मे म्हणाले चांगला चाललेला देश भिकेला लावला. मी नोकरीभर बँकेत शेतीकर्जाचं काम केलं, सातबारे बघण्यात आयुष्य गेलं, आणि आमचं घर खंडकऱ्याचं, म्हणजे साखर कारखान्याला जमीन खंडाने दिलेल्याचं, त्यामुळे जमिनीचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही. माझं म्हणणं असं की गोरा मालक आणि काळा सत्ताधारी एवढी दोनच माणसं धरून हा विषय बोलला जातो आणि त्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबलेला मजूर कोणाच्याच हिशोबात येत नाही. सगळ्यात जास्त त्याचं गेलं.

आधी मागचं थोडं सांगतो. १८९० मध्ये ब्रिटिश उद्योगपती सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीची माणसं बंदुका घेऊन तिथे घुसली, प्रत्येकाला ३,००० एकर जमिनीचं आश्वासन दिलेलं होतं, जमीन कोणाची हे विचारायचा प्रश्नच नव्हता. १८९६-९७ ला शोना आणि न्डेबेले लोकांनी उठाव केला, तो मोडून काढला. १९३० च्या कायद्याने देशातली जवळपास निम्मी जमीन मूठभर गोऱ्यांना राखून ठेवली, तीही पठारावरची, पावसाची, रेल्वेला जवळची, आणि बाकीच्या प्रचंड लोकसंख्येला रेताड, कमी पावसाच्या राखीव भागात कोंबलं. दुसऱ्या महायुद्धातून परत आलेल्या गोऱ्या सैनिकांना शेतं द्यायची म्हणून तिथे राहत असलेली कुटुंबं पुन्हा उठवली. १९८० ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साधारण ६,००० गोऱ्या शेतकऱ्यांकडे १५५ लाख हेक्टर जमीन होती आणि राखीव भागातल्या सात लाख कुटुंबांकडे मिळून १६४ लाख. हे आकडे बघितल्यावर जमिनीचं फेरवाटप करायला नको होतं असं कोणीही म्हणू शकत नाही, मी तर नाहीच नाही.

मग वीस वर्षं काय केलं? स्वातंत्र्य देताना ब्रिटनने घडवून आणलेल्या १९७९ च्या लँकेस्टर हाउस कराराने बांधून टाकलं होतं की दहा वर्षं जमीन घ्यायची तर विकणारा तयार असला पाहिजे आणि बाजारभाव दिला पाहिजे. ब्रिटनने सगळे मिळून साधारण ४.४ कोटी पौंड दिले. सरकारने १,६२,००० कुटुंबांना जमीन द्यायचं ठरवलं होतं, नव्वदचं दशक संपताना आकडा ७१,००० च्या आसपास होता. १९९० ला कराराची मुदत संपली, १९९२ ला सक्तीने जमीन घ्यायचा कायदा झाला, तरी काम रेंगाळलं, आणि घेतलेल्या जमिनीतली काही पुढाऱ्यांकडे आणि अधिकाऱ्यांकडे गेली. दुसरीकडे कित्येक शेतं १९८० नंतर विकली गेली, त्या वेळी सरकारनेच लेखी दाखला दिला होता की आम्हाला ही जमीन नको, तुम्ही खुशाल घ्या. तो दाखला घेऊन कर्ज काढून ज्याने शेत घेतलं त्यालाही पुढे लुटारूच म्हटलं गेलं, हे मला पटत नाही. १९९७ मध्ये ब्रिटनच्या मंत्री क्लेअर शॉर्ट यांनी पत्र पाठवून कळवलं की जमीनखरेदीचा खर्च उचलायची आमच्यावर खास जबाबदारी आहे असं आम्ही मानत नाही. ज्या देशाने जमिनी बळकावून दिल्या त्याने असं लिहावं हे अन्यायाचंच होतं, पण त्याची किंमत भरली कोणी, तर ज्यांनी ते पत्र कधी बघितलंही नाही त्यांनी.

फेब्रुवारी २००० मध्ये मुगाबेंनी नवी राज्यघटना जनमताला टाकली आणि हरले. समोर मॉर्गन त्सवांगिराई यांचा नवा पक्ष उभा होता, जूनमध्ये निवडणूक होती. जनमताचा निकाल लागल्यावर काही आठवड्यांतच माजी स्वातंत्र्यसैनिकांच्या नावाने टोळ्या शेतांवर घुसायला लागल्या. त्यात खरे लढवय्ये होते, जमिनीची खरी भूक असलेले गावकरी होते (१९९८ मध्ये स्वोस्वे भागातल्या लोकांनी कोणाच्या सांगण्याशिवाय शेतांवर बसायला सुरुवात केली होती, ती भूक खोटी नव्हती), आणि सरकारी गाड्यांतून आणून सोडलेली बेकार पोरंही होती. मार्चमध्ये हायकोर्टाने हे बेकायदेशीर आहे, चोवीस तासांत हटवा असा आदेश दिला. पोलिसांनी हे राजकीय प्रकरण आहे म्हणून हात वर केले. पुढच्या काही वर्षांत दहाच्या वर गोरे शेतकरी मारले गेले. सरन्यायाधीश अँथनी गबे यांना २००१ मध्ये पद सोडायला लावलं. २००२ मध्ये जवळजवळ २,९०० शेतकऱ्यांना हुकूम निघाला की ४५ दिवसांत शेती बंद करा, त्यानंतरच्या ४५ दिवसांत घर सोडा. उभं पीक असताना शेती बंद करा म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको.

आता मजुरांचं. या शेतांवर तीन लाखांच्या वर कायमचे आणि हंगामी मजूर होते, बायकापोरं धरली तर पंधरा लाखांच्या वर माणसं. तंबाखूच्या शेतावर काम बारमाही असतं, रोपं, लागण, पानं खुडणं, भट्टीत वाळवणं, प्रतवारी. शेताच्या कडेला मजुरांची वस्ती, तिला तिथे कंपाउंडच म्हणतात, खोली मालकाची, पाणी मालकाचं, शाळा असली तर तीही मालकाच्या मर्जीवर. पगार फार कमी, आणि गोरे मालक काही देव नव्हते, मारहाण आणि अपमान करणारेही होते हे लपवायचं कारण नाही. यातल्या कितीतरी मजुरांचे बाप-आजे मलावी, मोझांबिक, झांबियातून कामाला आलेले. त्यांना मागे परत जायला गाव नव्हतं, राखीव भागातल्या माणसाला निदान त्याचा मुखिया दोन-चार एकर तरी दाखवायचा, यांना तेही नाही. नोकरी हेच घर होतं, म्हणून नोकरी गेली त्या दिवशी घर गेलं.

आणि टोळ्या शेतावर आल्या तेव्हा पहिला मार यांनाच बसला. तुम्ही गोऱ्याची माणसं, तुम्ही विरोधी पक्षाला मत देणार, असं म्हणून रात्र-रात्र सभेला बसवायचे, घोषणा द्यायला लावायचे, पक्षाचं कार्ड दाखव म्हणायचे, नाही दाखवलं की काठ्या. मालकाकडे गाडी होती, राजधानी हरारेत नाहीतर परदेशात नातेवाईक होते, पुढे त्यातले काही झांबियात, मोझांबिकमध्ये, नायजेरियाच्या क्वारा राज्यात जाऊन नव्याने शेती करायला लागले. मजूर कुठे जाणार? २००१ मध्ये नागरिकत्वाचा कायदा असा बदलला की आईबाप परदेशातून आलेले असतील तर त्या देशाचं नागरिकत्व सोडल्याचं कागदपत्र आणा, आता ज्याने मलावी डोळ्यांनी बघितलेलं नाही त्याने तिथलं नागरिकत्व सोडल्याचा कागद आणायचा कुठून, आणि नाही आणला म्हणून मतदारयादीतून नाव गेलं. जमीन वाटली तेव्हा मजुरांतल्या फारच थोड्यांना तुकडा मिळाला. ज्याला तंबाखू कधी खुडायचा आणि भट्टीचं तापमान कसं राखायचं हे सगळ्यात जास्त कळत होतं, त्यालाच वगळून शेतीची सुधारणा केली. हे मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं पाप वाटतं.

पण म्हणून सगळं वाटप फसलं असंही लिहू नका. साधारण दीड लाख कुटुंबांना लहान शेतं मिळाली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी घाम गाळून ती उभी केली. तंबाखूचं बघा, २००० मध्ये २३ कोटी किलोच्या वर पीक होतं, २००८ ला ते ५ कोटीच्या खाली आलं, आणि २०२३ मध्ये २९ कोटी किलोच्या वर गेलं, म्हणजे गोऱ्यांच्या काळापेक्षा जास्त, आणि ते बहुतेक लहान काळ्या शेतकऱ्यांनी पिकवलं. मधली वर्षं मात्र भयानक होती. मक्याचं काही अंशी दुष्काळानेही गेलं, पण हिवाळी गहू धरणं, पंप आणि विजेवर अवलंबून, आणि पंप उपसून, पाइप विकून खाल्ले गेले तर गहू येणार कुठून. महागाई इतकी भडकली की २००९ च्या जानेवारीत शंभर लाख कोटी झिम्बाब्वे डॉलरची नोट छापायची वेळ आली.

मोठी शेतं कोणाला मिळाली? मंत्री, सेनाधिकारी, न्यायाधीश, पक्षाचे लोक. काहींनी चांगली केली, पण कितीतरी जमीन नुसती पडून राहिली.

बँकवाला म्हणून एक गोष्ट सांगतो. जमीन दिली पण कागद दिला नाही. २००५ च्या घटनादुरुस्तीने घेतलेली सगळी शेतजमीन सरकारची झाली आणि कोर्टात जायचा रस्ताच बंद केला. कोणाला वाटपाचं नुसतं पत्र, कोणाला ९९ वर्षांचा भाडेपट्टा, आणि तो सरकार कधीही काढून घेऊ शकेल असा, त्यावर कोणती बँक कर्ज देईल? मी तरी फाइल पुढे पाठवली नसती. तारण नाही म्हणून कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून बी-खत नाही, मग तंबाखूच्या कंपनीशी करार करा, ती खत देते आणि भाव तीच ठरवते. शिवाय पक्षात नाव बिघडलं की नव्या मालकालाही उठवायचे. मालकी हक्काचे कागद द्यायला सरकारने सुरुवात केली ती २०२४ च्या शेवटी, चोवीस वर्षांनी.

आपल्याकडेही सगळं धुतल्या तांदळासारखं झालं नाही. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कूळ मालक झालं पण त्याआधीच किती जमीनदारांनी कुळांकडून 'राजीखुशीने सोडली' असं लिहून घेतलं होतं. आमच्या आजोबांची जमीन खासगी साखर कारखान्याला खंडाने गेली, सिलिंगच्या, म्हणजे जमीन किती ठेवायची याची मर्यादा घालणाऱ्या कायद्यात कारखान्याची म्हणून सरकारजमा झाली, आणि मूळ खंडकऱ्यांना परत मिळता मिळता दोन पिढ्या संपल्या. कारखान्याच्या त्या मळ्यावर चाळीत राहणारे कामगार होते, जमीनवाटपाच्या बैठकांत त्यांचा विषय नेहमी शेवटी निघायचा, बहुतेक वेळा निघायचाही नाही. म्हणून झिम्बाब्वेचं वाचताना मला ती चाळच दिसते. पण आपल्याकडे एक झालं, कुळाने किंमत हप्त्याने भरली, तलाठ्याकडे फेरफार पडला, आणि एकदा सातबाऱ्यावर नाव लागलं की सोसायटीचं कर्ज मिळालं. अन्यायही झाला तो कागदावर झाला, त्यामुळे त्याच्याविरुद्ध भांडता आलं.

आता नुकसानभरपाई. २०२० मध्ये गोऱ्या शेतकऱ्यांना ३.५ अब्ज अमेरिकी डॉलर द्यायचा करार झाला, जमिनीची किंमत नाही, त्यावर बांधलेली घरं, धरणं, विहिरी, भट्ट्या यांची. सरकारकडे पैसा नाही, २०२५ मध्ये पहिल्या शेतकऱ्यांना थोडे रोख आणि बाकीचे सरकारी रोखे दिले. गोऱ्या शेतकऱ्यांना हे मिळावं, माझा विरोध नाही, म्हातारे झाले बिचारे, काही वाट बघून गेलेही. पण ती धरणं बांधली कोणी, विहिरी खणल्या कोणी? त्या कंपाउंडातल्या माणसांनी. भरपाईच्या या करारात त्यांच्यासाठी वेगळा पैसा ठेवलेला नाही, आणि काही कुटुंबं अजून त्याच जुन्या वस्त्यांत राहतात, आता नव्या मालकाच्या मर्जीवर, तात्पुरत्या रोजंदारीवर.

म्हणून विनंती अशी की या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा लेखकाला सांगा, एकदा कंपाउंडात जाऊन या. मशोनालँड या शेतीच्या भागात मजूर आता कोणाकडे कामाला आहे, त्याला मजुरी काय मिळते, पोरं शाळेत जातात का, मतदारयादीत नाव लागलं का, आणि जमिनीसाठी अर्ज केला असेल तर त्याचं पुढे काय झालं, एवढं विचारा आणि छापा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी
श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर