बाजारातल्या वालवाल्या मावशींना

मावशी, हे पत्र तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेल. शनिवारी तुमच्याकडे गिऱ्हाईक असतं, तराजू हातात असतो, तिथे उभं राहून मला जे सांगायचंय ते कधी नीट सांगताच येत नाही. म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, ज्यांना घरी वाल किंवा घेवडा लावायचाय त्यांनाही तुमचं बोलणं कळू दे.

पेणला राहायला आल्यावर घराच्या मागे दहा बाय बाराची मोकळी जागा मिळाली आणि मी लगेच दुकानातून घेवड्याचं पाकीट आणून पेरलं होतं. भर एप्रिलमध्ये, आणि रोज सकाळ संध्याकाळ बादलीने पाणी. आठ दिवसांनी उकरून बघितलं तर सगळ्या बिया कुजून पिठासारख्या झालेल्या, वासही येत होता. माझा मुलगा रोज शाळेतून आला की आधी तिकडे पळायचा, त्याला काय सांगायचं कळेना. हे मी तुम्हाला शेंगा घेता घेता सहज बोलले, आणि तुम्ही गोणपाटाखालून एक फडक्याची पुरचुंडी काढलीत. आत राखेत घोळलेल्या काळ्या बिया. एक बी पदराने पुसून माझ्या तळहातावर ठेवलीत, काळीकुळकुळीत आणि तिच्या कडेला पांढरीशुभ्र रेघ, कोणी खडूने ओढल्यासारखी. "सासूच्या परसातला वेल आहे बाय, मृगात लाव, आत्ता नको," म्हणालात. अकरा बिया मोजून दिल्यात आणि पैसे घेतले नाहीत. वर सांगितलंत की बी विकायचं नसतं, पीक आलं की मूठभर परत आण.

मी तेव्हा विचारलं होतं की तुमच्या शेतात तर वाल दिवाळीनंतर पेरतात ना, मग हा मृगात का. तुम्ही शांतपणे समजावलंत. शेतातला तो बुटका वाल, भात कापलं की जमिनीत जी ओल राहते तिच्यावरच येतो, त्याला वरून पाणी लागत नाही. आणि हा मांडवावर चढणारा, त्याला आधी चार महिने वाढायला पाहिजेत. मला हा फरक माहीतच नव्हता.

मग जूनमध्ये पहिले दोन मोठे पाऊस झाल्यावर लावल्या. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सपाट जमिनीत नाही तर वीतभर उंच वरंबा करून, म्हणजे पाणी साचणार नाही, आणि बी बोटाच्या एका पेराएवढंच खोल. वरून पाणी शून्य. पाचव्या दिवशी सकाळी माती थोडी फुगून तडकलेली दिसली आणि त्या फटीत वाकलेली हिरवी मान. आम्ही दोघं माय-लेक छत्री धरून बसलो होतो तिथे. दुपारपर्यंत मान सरळ झाली आणि बीचे दोन जाड दल वर उचलून आले, काळं साल अजून एका बाजूला टोपीसारखं अडकलेलं. मुलाला ते काढायचं होतं, मी म्हटलं राहू दे, तुम्ही म्हणाला होतात ना हात लावू नको. अकरातल्या नऊ उगवल्या.

मांडवाचं पण तुमच्यामुळेच जमलं. मी आधी प्लास्टिकचे गुळगुळीत पाईप रोवले होते आणि वेल चढून चढून परत घसरायचे. वालाला काकडीसारखे ताणे नसतात, शेंडाच स्वतः फिरत फिरत आधाराला गुंडाळतो, त्यामुळे त्याला बारीक आणि खरबरीत काहीतरी लागतं. तुम्ही म्हणालात सुतळी बांध आणि बांबूच्या काटक्या लाव. बांधली संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर दोन वेढे झालेले.

आणि आता ती गोष्ट जिच्यासाठी खरं म्हणजे हे पत्र आहे. ऑगस्ट गेला, गणपती गेले, वेल कंपाउंडवर, पेरूवर, पार शेजारच्यांच्या पत्र्यावर आणि फूल एक नाही. पानं हाताच्या पंजाएवढी. मी शेणखत घातलं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून दोन वेळा युरिया टाकला, तर अजूनच पानं. शेजारी म्हणाले हे वाण फुकट गेलंय, उपटून टाका आणि मेथी लावा, आणि मी खरंच कोयता घेऊन ठेवला होता. त्या शनिवारी तुमच्याकडे रडवेली होऊन आले आणि तुम्ही हातातलं काम सोडून म्हणालात, "उपटू नको गं, दिवस आखडू दे, दसऱ्यानंतर फुलंल, आणि ते खत आधी बंद कर." एवढंच. घरी येऊन मी कोयता आत ठेवला. नंतर वाचलं तेव्हा कळलं की वालाच्या जुन्या गावठी वाणांना लांब रात्र झाल्याशिवाय फूलच येत नाही, दिवस लहान होणं हीच त्यांची खूण, म्हणून उन्हाळ्यात कितीही पाणी खत घाला ते नुसते वाढत राहतात. तुम्ही हे एका वाक्यात सांगितलं होतं.

खताचंही तसंच. एक वेल पावसात मुळापासून मोडला होता तो मी तुम्हाला दाखवायला पिशवीतून आणला होता, आठवतं का? तुम्ही मुळं पाण्याने धुतलीत आणि त्याच्यावरच्या मोहरीएवढ्या गाठी दाखवल्यात. एक नखाने फोडलीत, आत गुलाबी. "हे त्याचं स्वतःचं खत, वरून कशाला घालतेस?" त्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र घेऊन झाडाला देतात आणि गुलाबी रंग म्हणजे ते कामाला लागलेत. मी हे शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलं होतं, पण डोळ्यांनी पहिल्यांदा त्या दिवशी बघितलं.

दिवाळीच्या आठवडाभर आधी पहिला तुरा आला, जांभळा. मी तुम्हाला फोटो दाखवायला आले तर तुम्ही फोटो बाजूच्या मिरचीवाल्या काकांना पण दाखवलात.

मग मावा ही कीड आली. ढगाळ हवा पडली दोन दिवस आणि कोवळ्या शेंड्यांवर, तुऱ्यांवर काळे थरच्या थर, मुंग्या वर खाली. औषधाच्या दुकानात जायला निघालेच होते, वाटेत तुम्ही भेटलात ते बरं झालं. तुम्ही म्हणालात जास्त भरलेले शेंडे खुडून टाक, बाकीवर सकाळी पाण्याची जोरात धार मार, आणि पानं ओली असताना चुलीतली राख चाळून भुरभुर. चूल नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी राखही तुम्हीच आणून दिलीत. आणि मी ज्या काटेरी करड्या अळ्या चिरडत होते त्या ढालकिड्याच्या आहेत, त्या मावा खातात, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी माझ्याच राखणदारांना मारत बसले असते. दहाएक दिवसांत आटोक्यात आलं.

नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारी संपेपर्यंत आम्ही बाहेरून शेंगा घेतल्याच नाहीत. पहिली भाजी फक्त ओवा, लसूण आणि ओलं खोबरं घालून केली. सासूबाईंनी ताट पुसून खाल्लं, त्या सहसा काही बोलत नाहीत, त्या दिवशी म्हणाल्या माहेरची चव आहे. पोपटीला, म्हणजे मडक्यात शेंगा भाजतात त्याला, मात्र तुमच्या शेतातल्याच शेंगा, मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून, मडकं उलटं करून जाळ लावला, पहिल्यांदाच केलं आणि जमलं. पाला पण तुम्हीच ओळखायला शिकवलात.

मध्ये टीव्हीवर अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेंचं काम बघत होते. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली त्यांना, गावठी बियाणं जपल्याबद्दल, त्यात वाल-घेवड्याचे कितीतरी वाण आहेत. सगळे मडक्यात, राखेत. मुलगा एकदम ओरडला, आई हे तर आपल्या आजीसारखंच करतात. तो तुम्हाला आजी म्हणतो हे तुम्हाला माहीत नसेल.

मांडवाच्या खालच्या बाजूच्या तीस शेंगांना मी लाल दोरा बांधला होता, त्या कोणालाही तोडू दिल्या नाहीत. फेब्रुवारीत वाळून बदामी झाल्या, हलवल्या की आत खुळखुळ वाजायला लागलं तेव्हा काढल्या. चार उन्हं दिली. किडलेल्या, सुरकुतलेल्या बाजूला करून एकशे अठरा बिया भरल्या. पांढरी रेघ सगळ्यांवर आहे, एकेक बघितली.

येत्या शनिवारी मूठभर तुमच्यासाठी आणतेय, तुम्ही दिली होती तशीच राखेत घोळून, त्याच फडक्यात. फडकं धुतलंय. मिरचीवाल्या काकांनाही हव्यात म्हणत होते, त्यांच्या दहा वेगळ्या बांधल्यात. आणि मावशी, त्या दिवशी पैसे घेतले नाहीत तसे आता डबा घ्यायला नाही म्हणू नका, मोड काढून सोललेल्या वालाचं बिरडं आहे, शुक्रवारी रात्री बसून सोलणार आहे मी.

तुमची,
गल्लीच्या टोकाच्या घरातली, पेरूच्या झाडावर वेल चढवणारी