‘२० किलोच वजन द्या’ लिहिता, मग मोजायचे साधनही द्या

महोदय,

मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाचे ऑपरेशन झाले की कार्डावर लिहून मिळते, ‘सहा आठवडे पायावर २० किलोपर्यंतच वजन.’ ते कार्ड घेऊन रुग्ण संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून किंवा अंबाजोगाईच्या रुग्णालयातून भोकरदन, गेवराई, धारूरकडे आपल्या गावी जातो. पण २० किलो म्हणजे किती, हे पायाला कळत नाही. कुबड्यांशिवाय चालताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या साधारण १.१ ते १.२ पट भार येतो, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दर पावलाला ६६ ते ७२ किलो. शिवाय पायाचे स्वतःचेच वजन दहाएक किलो. तो सैल सोडून टेकवला तरी मर्यादेतला बराच भाग तिथेच संपतो.

सध्या शिकवलेच तर वजनकाट्यावर शिकवतात. ती पहिली पायरी म्हणून ठीक आहे, पण काटा सुईचा हवा. बरेच डिजिटल काटे वजन स्थिर झाल्यावरच आकडा दाखवतात, त्यावर सराव होत नाही. दुसऱ्या पायाखाली काट्याच्याच उंचीची फळी ठेवावी, नाहीतर कंबर तिरकी होऊन आकडा चुकतो. कुबडीचा वरचा भाग काखेच्या दोन-तीन बोटे खाली असावा आणि भार काखेत न घेता हातावर घ्यावा, नाहीतर काखेतली नस दबून हाताला मुंग्या येतात. एवढे करूनही उभे राहून जमलेले २० किलो चालताना टिकत नाहीत. पाऊल आपटले, घाई झाली, हात थकले की भार दुप्पटही होतो आणि रुग्णाला पत्ता लागत नाही.

यासाठीच बुटात बसणारा, भार मोजणारा सेन्सरचा तळवा (इनसोल) असतो. ठरवलेल्या मर्यादेपुढे भार गेला की तो बीप वाजवतो किंवा थरथरतो. मात्र उपकरण आणले आणि काम झाले, असे होत नाही. बीप वाजेपर्यंत ते पाऊल पडून गेलेले असते, सुधारणा पुढच्या पावलात होते. म्हणून मर्यादा २० किलोची असेल तर इशारा १६-१७ किलोवर लावावा. बुटाची नाडी घट्ट बांधल्यावर, पाय हवेत लोंबता ठेवून आकडा शून्य करावा, कारण बांधण्याचा दाबही सेन्सर मोजतो. घाम, उन्हाळ्यातली उष्णता आणि तळव्याला पडलेली घडी यांनी आकडे सरकतात, तेव्हा रोज एकदा काट्याशी ताडून पाहावे.

सर्वांत मोठा धोका सेन्सर फक्त टाचेखाली असण्याचा. रुग्ण बोटांवर चालायला लागतो, बीप थांबतो, भार मात्र तितकाच राहतो आणि वर पोटरी आखडते. खरेदीच्या निविदेत पूर्ण तळपायाचा भार मोजणारेच उपकरण मागावे, ही आमची आग्रहाची विनंती आहे. मधुमेहाने तळपाय बधिर झालेल्यांना थरथर पोटरीपाशी न देता कमरेला किंवा मनगटावर द्यावी.

आपल्याकडचा रुग्ण चपलेत असतो, तळवा चपलेत टिकत नाही. सूज आणि पट्टी सामावेल असा, पुढून पूर्ण उघडणारा कॅनव्हासचा बूट सोबत हवा. उंची सारखी राहावी म्हणून दुसऱ्या पायातही तसाच बूट द्यावा. बीप कायमचा चालू ठेवू नये. जमू लागले की थोडा वेळ आवाज बंद करून चालवावे आणि आकडे नंतर दाखवावेत, नाहीतर यंत्र काढताच सवय मोडते. नव्या रॉड-प्लेटनंतर काहींना लवकर पूर्ण वजन देता येते. तो निर्णय सर्जनचाच.

हेच उपकरण लकवा झालेल्यांनाही उपयोगी पडते, तिथे फक्त नियम उलटा: दुबळ्या पायावर पुरेसा भार पडला की बीप वाजतो.

उपजिल्हा रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागांत निदान दोन सुईचे काटे लगेच यावेत आणि सेन्सरचा तळवा आणि बूट असे दोन-तीन संच अनामत घेऊन घरी नेण्यास मिळावेत. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारा मजूर महिनोन्‌महिने तपासणीला येऊ शकत नाही. त्याला फडाकडे निघण्यापूर्वी संच वापरून शिकवणे आणि कार्डावर किलोबरोबर इशाऱ्याचा आकडाही लिहून देणे आरोग्य विभागाला सहज शक्य आहे.

– फिजिओथेरपीचे काम करणारे काही वाचक, बीड