हुकाचा लॅच तारेने बांधून विहिरीत डबा सोडू नका

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा जवळ आला की जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि तिकडे माण-खटाव भागात नव्या विहिरींची खुदाई आणि जुन्या विहिरींचा गाळ काढणे एकदम जोर धरते. काठावर यारी (दोराने डबा उचलणारे यंत्र) उभी राहते आणि दिवसभर डबा खाली-वर होत राहतो. त्या यारीच्या दोराला लोंबणारा हुक जरा जवळ जाऊन बघावा. हुकाच्या तोंडावर बोटभर लांबीची पत्र्याची पट्टी असते, तिच्या मागे पिळाची छोटी स्प्रिंग. कोणी तिला लॅच म्हणतो, कोणी खटका, कोणी नुसती पत्ती. बऱ्याच ठिकाणी ही पत्ती मागे ओढून, बाइंडिंगच्या तारेचे दोन वेढे मारून हुकाच्या दांड्याला बांधलेली दिसते. काही हुकांवर पत्तीच नसते. पिनेचे भोक तेवढे उरलेले असते आणि त्यात मुरमाचा चिखल वाळून बसलेला असतो. हे पत्र त्या पत्तीविषयी आहे.

भरलेला डबा वर येत असताना लॅचला काहीच काम नसते. डब्याची कडी हुकाच्या पोटात, म्हणजे खालच्या वळणात, बसलेली असते आणि वजनच तिला तिथे दाबून धरते. त्यामुळे ‘इतकी वर्षे बिनपत्तीचे चालवतोय, काही झाले नाही’ हे म्हणणे निम्मे खरे असते. घोटाळा होतो तो दोर सैल असताना. डबा तळाला टेकतो. वरून तळ नीट दिसत नाही म्हणून ऑपरेटर हात-दीड हात दोर जास्तच सोडतो. हुक डब्यावर आडवा होतो आणि सैल पडलेली कडी पोटातून सरकत टोकाकडे येते. खाली भरणारा डबा ओढून जागेवर घेतो, फावड्याचा दांडा कडीला लागतो, आणि कडी बरोबर हुकाच्या टोकावर जाऊन बसते. दोर ताणला की ती पोटात उतरायला हवी, पण टोकावरच अडकते. वाईट म्हणजे डबा उचललाही जातो. दहा फूट, कधी तीस फूट नीट वर येतो. मग विहिरीच्या भिंतीला घासतो किंवा ब्रेक लावताना झोका बसतो आणि कडी टोकावरून निसटते.

पाव घनमीटरच्या डब्यात मोकळा मुरूम साधारण चारशे किलो बसतो, डब्याचे वजन वेगळे. पन्नास फुटांवरून सुटलेली वस्तू पावणेदोन सेकंदांत तळाला पोहोचते आणि तेव्हा तिचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या पुढे असतो. वीस-पंचवीस फूट व्यासाच्या खड्ड्यात, पायाखाली दगड-माती असताना, पावणेदोन सेकंदांत माणूस कुठे सरकणार?

लॅच इथेच कामाला येतो. सैल कडी टोकाकडे आली की पत्ती तिला अडवते. बस, एवढेच तिचे काम. ती वजन पेलण्यासाठी नसते, हे मात्र पक्के लक्षात ठेवायला हवे. कडी पत्तीवर टेकलेली असताना दोर ताणला तर दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा वाकतो, पिन तुटते आणि कडी बाहेर पडते. म्हणून लॅच असला तरी डबा तळापासून फूटभर उचलून थांबायचे, कडी हुकाच्या पोटात बसली आहे हे खालच्या माणसाने डोळ्यांनी बघायचे, त्याने हात केला की मगच पुढे ओढायचे. कडी टोकावर राहिली तर हुकाचीही हानी होते. हुकावर लिहिलेली क्षमता पोटात बसलेल्या वजनासाठी असते; तेच वजन टोकावर आले तर हुक त्याच्या निम्मेही धरेल याची खात्री नाही.

पत्ती बांधून टाकणाऱ्याला नुसते बेपर्वा म्हणून भागणार नाही. दोन-तीन डबे आळीपाळीने चालतात, दिवसातून पन्नास-साठ वेळा कडी काढायची आणि घालायची असते. साधा लॅच उघडा धरायला एक हात, कडी काढायला दुसरा, आणि हातमोजा मातीने कडक झालेला. पत्ती बोटावर आपटते. स्प्रिंगच्या पिळात बारीक चुरा जाऊन बसला की ती अर्ध्यावरच अडकते आणि मग कोणीतरी तार काढतो. अडचण खरी आहे. तिच्यावर तोडगा मात्र तार नाही. तो पुढे सांगतो.

त्याआधी एक गोष्ट, जी नेहमी उलटी समजली जाते. नवीन लॅचचे टोक हुकाच्या टोकाला आतल्या बाजूने टेकते आणि तिथेच थांबते. काही महिन्यांनी ते टोकाला न टेकता बाहेर निघू लागते, किंवा पत्ती आणि टोक यांच्यात फट दिसू लागते. अशा वेळी ‘पत्ती आखूड पडली’ म्हणून गॅरेजमध्ये लांब पत्ती कापून बसवली जाते. पत्ती आखूड होत नसते. हुकाचे तोंड उघडलेले असते. कधीतरी क्षमतेबाहेर वजन ओढले गेले, डबा कपारीत अडकलेला असताना यारीने जोर लावला, किंवा टोकावर वजन आले, आणि लोखंड ताणले गेले. आंतरराष्ट्रीय व्यवहारात धरला जाणारा ‘एएसएमई बी ३०.१०’ हा अमेरिकी यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेचा हुकांविषयीचा संकेत सांगतो की तोंड मूळ मापापेक्षा पाच टक्के वाढले (आणि मोठ्या हुकात जास्तीत जास्त सहा मिलिमीटर) की हुक काढून टाकायचा. ३२ मिलिमीटर तोंडाच्या हुकाला पाच टक्के म्हणजे १.६ मिलिमीटर. हे डोळ्यांना दिसत नाही, व्हर्नियरला (बारीक माप घेण्याच्या पट्टीला) दिसते. म्हणून हुक नवा असतानाच तोंडाचे माप घेऊन वहीत लिहून ठेवावे; नंतर मूळ माप विचारायला कोणाकडे जाणार? पोटातली झीज दहा टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४० मिलिमीटर जाडीचा हुक ३६ वर आला की त्याचेही काम संपले. पत्ती टोकाच्या मध्यावर न बसता एका अंगाला पडत असेल तर पत्ती वाकली आहे की हुकालाच पीळ बसला आहे ते सरळ पट्टी लावून बघावे. डोळ्यांना दिसेल इतका पीळ असेल तर हुक भंगारात. तापवून, ठोकून सरळ करून परत लावायचा नाही. हुक घडीव पोलादाचा, उष्णता देऊन तयार केलेला असतो. भट्टीत घातला की ती ताकद जाते आणि बाहेरून तो पहिल्यासारखाच दिसतो.

वेल्डिंगचेही तेच. लॅचचा कान (पत्ती जिथे बसते तो उंचवटा) तुटला म्हणून हुकाच्या पाठीवर नवा कान वेल्ड करणे, किंवा तोंडावर सळईचा तुकडा टाके मारून लावणे, हे प्रकार सर्रास चालतात. वेल्डच्या कडेला पोलाद ठिसूळ होते आणि पहिला तडा तिथूनच जातो. हुकाला नवीन भोक पाडणेही वर्ज्य. ज्या हुकाला लॅचसाठी घडीव कान नाही, तो बदलून कान असलेला घ्यावा.

लॅच बदलणे हे पंधरा मिनिटांचे काम आहे. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा लॅच-संच मागवावा. त्यात पत्ती, स्प्रिंग, बोल्ट आणि नट येतात. ‘चालेल’ म्हणून जवळपासच्या मापाचा आणू नये. हुक जमिनीवर उतरवून यंत्र बंद करावे. जुनी पिन काढून भोक तारेच्या ब्रशने आणि डिझेलने साफ करावे, भोक लंबगोल झाले आहे का ते बघावे. झाले असेल तर नवी पत्तीही डोलणार, तेव्हा हुकाचाच विचार करावा. स्प्रिंगचा एक पाय हुकाच्या अंगाला आणि दुसरा पत्तीच्या पोटात टेकला पाहिजे. उलटी बसली तर पत्ती बंद होण्याऐवजी उघडी राहते. मग स्प्रिंग दाबून बोल्ट सरकवायचा आणि नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज सैल न होणारा) इतकाच आवळायचा की पत्ती बाजूला डगमगणार नाही, पण सहज फिरेल. जास्त आवळला की पत्ती अडकते आणि दोन दिवसांत तार परत येते. बोल्टच्या जागी खिळा किंवा वेल्डिंगचा रॉड वाकवून घालू नये. तो घासून बारीक होतो आणि एक दिवस पत्तीसकट खाली पडतो. शेवटी अंगठ्याने पत्ती आत दाबून सोडायची, दहा वेळा. दहाही वेळा ती खटकन टोकाला जाऊन बसली पाहिजे. बाहेरच्या बाजूला ओढली तर ती हलता कामा नये.

आता तोडग्याविषयी. सारखे काढ-घाल करायचे असेल तर सेल्फ-लॉकिंग हुक घ्यावा. त्याची जीभ घडीव, जाड असते. वजन आले की हुक आपोआप मिटतो आणि वजन असताना उघडत नाही. उघडण्यासाठी मागचा खटका दाबावा लागतो, तो हातमोज्यासह दाबता येतो. ग्रेड ८० (उचलीच्या साखळी-हुकांच्या पोलादाची एक प्रत) मध्ये ७ मिलिमीटर साखळीच्या मापाच्या हुकाची क्षमता दीड टन, ८ मिलिमीटरची दोन टन. पाव घनमीटरच्या डब्याला दोन टनांचा हुक भरपूर झाला. मुरमाच्या झटक्यांना थोडी शिल्लक असलेली बरीच. एकच डबा कायम चालवायचा असेल तर त्याहून सोपे आणि स्वस्त: हुक नकोच, दोराच्या टोकाला बो शॅकल (आडवा बोल्ट घालून बंद होणारी कमानीसारखी कडी), आणि तोही बोल्ट, नट आणि नट निघू न देणाऱ्या स्प्लिट पिनचा. नुसता आट्यांचा पिन असलेला शॅकल हादऱ्यांनी उलगडत जातो.

माणसे डब्यात उभी राहून उतरतात-चढतात. ते बंदच व्हायला हवे, शिडी लावावी. पण अडचणीत एखाद्याला वर काढायची वेळ आलीच तर साध्या पत्तीच्या हुकावर ते कधीही करू नये. त्याला कुलुपबंद जीभ किंवा स्प्लिट पिनचा शॅकलच हवा. 

कुपवाड, मिरज आणि सातारा औद्योगिक वसाहतींतही चित्र फार वेगळे नाही. तिथे लॅच वाकतो तो एका हुकात चार स्लिंगचे (उचलायच्या पट्ट्यांचे) डोळे, म्हणजे टोकांचे फास, कोंबल्याने, किंवा दोन स्लिंग नव्वद अंशांपेक्षा जास्त फाकवून लावल्याने. बाजूचा दाब थेट पत्तीवर येतो. दोनपेक्षा जास्त डोळे असतील तर मधे मास्टर रिंग (सगळे डोळे धरणारी एक जाड कडी) घ्यावी आणि हुकात फक्त ती रिंग जावी. साखर कारखान्यांनी हंगाम संपल्यावर मिलचे रोलर उचलण्याआधी एवढे तरी बघावे. फाउंड्रीचा (धातूच्या ओतकामाचा) मामला निराळा आहे. तिथले रुंद तोंडाचे फाउंड्री हुक मुद्दाम बिनलॅचचे असतात, कारण साच्यांच्या पेट्यांच्या जाड खुंट्यांवर लॅच आडवा येतो. पण तोच हुक पुढे गोदामात स्लिंगला लावला जातो, ते चूक.

कारखान्यांसाठी निदान नियम तरी आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २९ ने उचलण्याच्या यंत्रांची, साखळ्यांची आणि दोरांची सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून एकदा तपासणी, त्याची नोंदवही आणि सुरक्षित भाराची खूण ही पद्धत घालून दिली. बांधकाम कामगारांचा १९९६ चा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या कामासाठी झाला. शेतातल्या विहिरीवर पाच-सहा माणसे असतात. ती दोन्हींच्या बाहेर राहतात आणि यारीचा हुक कोणीच बघत नाही.

जो बघू शकतो तो विहिरीचा मालक. पैसे तोच देतो. यारी काठावर लागली की पहिला डबा सोडण्याआधी हुक हातात घ्यावा, पत्ती दाबून बघावी, तार दिसली तर पक्कडीने तोडायला लावावी. एवढ्याने ठेकेदार रागावला तर दुसरा बघावा.

आणि पंचायत समित्यांना विनंती. रोजगार हमीच्या विहिरी असोत किंवा डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतल्या, अनुदान देण्याआधी त्यांच्या कामाची पाहणी होते आणि खोली-रुंदीची मापे लिहिली जातात. काम चालू असताना होणाऱ्या पाहणीच्या नमुन्यात आणखी एक ओळ घालावी: ‘यारीचा हुक: लॅच चालू आहे / नाही, तोंडाचे मूळ माप ___ मि.मी., आजचे माप ___ मि.मी.’ रकाना रिकामा असेल तर डबा खाली सोडू देऊ नये.

आपले,
उचल-साहित्याच्या तपासणी व दुरुस्तीत काम करणारे काही तंत्रज्ञ,
कुपवाड, जि. सांगली