मोठा कुकर मी घेऊन आले आहे

नेरुळ,
रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा यांना
शि. सा. नमस्कार.

काल संध्याकाळी निघताना माझ्या हातातली फुगलेली पिशवी पाहून, आई, तू विचारलेस की एवढे काय घेऊन चालली आहेस, आणि मी 'जुन्या चादरी' असे सांगितले. त्या चादरी नव्हत्या. ओट्याखालचा साडेसात लिटरचा कुकर मी घेऊन आले आहे आणि त्याच्या जागी दोन लिटरचा नवा कुकर ठेवून आले आहे. तुझ्याशी खोटे बोलल्याचे वाईट गाडी ऐरोलीला पोहोचण्याआधीच वाटू लागले. फोनवर तू 'बरं, बरं' म्हणून ठेवून देतेस आणि बाबांपर्यंत त्यातले काहीच जात नाही, म्हणून सगळे नीट लिहून कळवते आहे.

हे मी रागाने केले नाही, आणि तुझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करण्याचा अधिकार मला आहे असेही मला वाटत नाही. पण बाबांचे खालचे दात काढल्यापासून तीन आठवडे मी तुमच्याकडे राहिले, तेव्हा जे पाहिले ते मनातून जात नाही. बाबांना मऊ हवे म्हणून तू रोज अर्धा-पाऊण किलो बटाटे उकडायचीस आणि मीठ-दूध घालून कालवायचीस. ते बेचव, गार झालेले खाणे बाबा दोन चमचे खाऊन बाजूला सारायचे, आणि उरलेले सगळे डब्यात भरून फ्रीजमध्ये जायचे. गेल्या मंगळवारी रात्री मी पाणी प्यायला उठले, तेव्हा तू ओट्याशी उभी राहून, दिवा न लावता, त्या डब्यातला गारठलेला बटाटा चमच्याने खरवडून खात होतीस. मी आल्या पावली परत फिरले, कारण तुला काय बोलावे ते मला सुचले नाही.

आई, तुझा हात अजून सहा माणसांचा आहे. आजी-आजोबा गेले, दादा दूर स्थायिक झाला, मी खाडीच्या या बाजूला आले, तरी तुझ्या मुठीतले तांदूळ आणि परातीतली कणीक आमच्या सगळ्यांची राहिली. त्याच हाताने आम्हाला वाढवले, म्हणून तो आखडता घे असे तुला सांगताना माझा जीव थोडा होतो. तरीही सांगते: तीन बटाटे. मध्यम आकाराचे तीन, म्हणजे साधारण 300 ग्रॅम, आणि त्यापेक्षा एकही जास्त नाही. तेवढे तुम्हा दोघांना एका वेळेला तोंडीलावणे म्हणून पुरते आणि डब्यात भरायला काही उरत नाही.

रजा संपल्यावर, गेले चार दिवस कामावरून इकडे घरी परतून तिकडे येण्याआधी मी हाच पदार्थ करून पाहत होते. ज्याला हॉटेलात मॅश्ड पोटॅटो म्हणतात तोच, पण आपल्या घरात जे आहे त्यातूनच आणि बाबांच्या जिभेला रुचेल असा. तू म्हणशील की हे बटाट्याचे भरीतच झाले. तसे ते जवळचे आहेच, फक्त भरितात दही आणि मिरची येते, आणि हिरड्या भरून येईपर्यंत आंबट-तिखट दोन्ही बाबांना झोंबणार. हे आपले खाणे नव्हे असेही म्हणू नकोस. बटाटा आणि मिरची दोन्ही पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आली, आणि तरी आपली आषाढी एकादशी बटाट्यावाचून पार पडत नाही.

बटाटे जांभळी नाक्याच्या बाजारातूनच घे, पण या कामासाठी नवा, पातळ सालीचा, नखाने साल निघणारा बटाटा घेऊ नकोस, कारण तो पाणीदार असतो. जाड सालीचा जुना बटाटा उकडल्यावर पिठूळ फुटतो आणि तोच आपल्याला हवा. बाबा, तुम्हाला पडताळून पाहायचे असेल तर एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवून त्यात कच्चा बटाटा सोडावा. पिठूळ बटाटा जड असल्याने तळाशी जातो आणि पाणीदार बटाटा तरंगतो. मी मोठ्या पातेल्यात तसे करून पाहिले आणि सहापैकी दोन तरंगले. हिरवट डागांचा आणि मोड आलेला बटाटा सरळ टाकून द्या, तेवढा भाग कापून वापरण्याचा मोह नको. आणि आई, कच्चे बटाटे फ्रीजमध्ये ठेवण्याची तुझी सवय मोडायला हवी. थंडीत त्यांच्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते, म्हणूनच गेल्या महिन्यात काचऱ्या गोड लागून लवकर काळ्या पडत होत्या. ते कांद्यांपासून वेगळे, टोपलीत, अंधारात राहू देत.

नव्या कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी घालून त्यावर भोकांची ताटली ठेव आणि बटाटे अख्खे, सालासकट, ताटलीवर ठेव. तुकडे करून पाण्यात उकडले की ते पाणी पितात आणि चव पाण्यातच राहते. माझ्या गॅसवर मध्यम आचेला चार शिट्ट्या लागल्या. वाफ आपोआप जिरू दे, उलथन्याने शिट्टी उचलू नकोस. तेवढ्या वेळात छोट्या पातेलीत अर्धी वाटी दूध, लसणाच्या सोललेल्या चार अख्ख्या पाकळ्या आणि अर्धे तमालपत्र घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ठेव, पाकळी चमच्याने सहज दबेपर्यंत. दूध आटले तर थोडे वाढव आणि तमालपत्र काढून टाक. बाबा, लसूण ठेचला की त्याच्या पेशी फुटतात, आतले घटक एकमेकांत मिसळतात आणि तो उग्र, झोंबणारा वास तयार होतो. पाकळी अख्खीच शिजवली तर हा बदल घडवणारा घटक उष्णतेने आधीच निकामी होतो, म्हणून असा लसूण गोडसर लागतो आणि हिरडीला लागत नाही.

बटाटे गरम असतानाच सोलायला हवेत, आणि इथे माझी तुला विनंती आहे की काट्याने टोचून धर आणि फडक्याने साल ओढ. लहानपणी मी ओट्याला टेकून तुला बघायचे. तू वाफाळता बटाटा या हातातून त्या हातात झेलत सोलायचीस, चटका बसला की चटकन कानाची पाळी धरायचीस आणि पुन्हा सोलायला लागायचीस. मला तेव्हा वाटे की मोठ्या माणसांचे कान गार असतात आणि म्हणून त्यांना भाजत नाही. आता तुझी बोटे सकाळी आखडलेली असतात. त्यांना चटके देऊ नकोस.

सोललेले बटाटे कोरड्या कढईत मंद आचेवर मिनिटभर हलवून त्यांच्यावरची वाफ जाऊ दे आणि मग ते पुरणयंत्रातून काढ. होय, होळीचे पुरणयंत्र. माळ्यावरून मी ते उतरवले आहे, धुऊन पुसून रव्याच्या डब्याच्या मागे खालच्या फळीवर ठेवले आहे, तेव्हा बाबांनी स्टुलावर चढण्याचे काहीएक कारण नाही. शिजलेल्या लसूणपाकळ्याही त्यातूनच काढ. स्मॅशरने कितीही दाबले तरी एखादी गाठ राहते आणि बाबांना ती आता चावता येत नाही, पण पुरणयंत्रातून बटाटा शेवयांसारखा हलका खाली पडतो. मिक्सरला मात्र हात लावू नकोस. पहिल्या दिवशी घाईत मी मिक्सर फिरवला आणि भांड्यात खळ तयार झाली, चमचा उभा राहावा इतकी चिकट. बटाट्यातले पिष्ट पेशींत बंद असते, पाते त्या पेशी फोडते, पिष्ट बाहेर येते आणि मग ते कशानेही सुधारत नाही.

यापुढचा भाग बाबांसाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण त्यातच सगळी चव आहे. विकतचे खारे बटर नको, बाबांचा रक्तदाब पाहता ते मीठ आपल्याला परवडणारे नाही. तुझे घरचे लोणी मोठा दीड चमचा घे आणि छोट्या कढल्यात तूप कढवतेस तसे कढव. तडतड थांबली आणि तळाशी बदामी रंग आला की लगेच उतरव. साजूक तूप कढवताना घरभर जो वास सुटतो, ज्या वासाने दादा आणि मी अभ्यास सोडून बेरीसाठी वाटी घेऊन यायचो, तोच वास बटाट्यात उतरतो. बेरी मात्र गाळून घे, तिचे कण हिरडीत अडकतील. हे तूप आधी बटाट्यात मिसळ आणि मगच ते गरम दूध थोडे थोडे करून घाल. तूप आधी गेले की पिष्टावर स्निग्ध थर बसतो आणि बटाटा चिकट होत नाही. दूध गार घातले तर सगळेच गार पडते आणि गार बटाट्याला चव राहत नाही. शेवटी पाव चमचा मीठ, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची बारीक पूड आणि श्रीखंडात घालतेस त्याच्या निम्मे जायफळ. आई, त्या जायफळाला नाही म्हणू नकोस. पहिला घास घेतल्यावर बाबा ते ओळखतील असे मला वाटते.

बाबांना देताना कोमट करून दे. तुझ्या वाटीवर मात्र लसणाची कोरडी चटणी घाल आणि वर कच्च्या तेलाची धार सोड. थोडे केले की हीच सोय होते, प्रत्येकाची वाटी वेगळी सजवता येते. त्याच वेळी, बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून, तू ते खायचे आहेस.

उरवायचे नाही यालाही कारण आहे, माझा हट्ट म्हणून सांगत नाही. शिजलेले पिष्ट गार होताना आखडते, म्हणून फ्रीजमधला बटाटा दुसऱ्या दिवशी रवाळ आणि घट्ट लागतो, गरम केला की त्याला पाणी सुटते आणि लसणाचा-तुपाचा वास शिळा होतो. आणि दूध घातलेला पदार्थ आपल्या या दमट हवेत ओट्यावर संध्याकाळपर्यंत टिकण्याची आशाच नको. तो कोणीतरी संपवायचा म्हणून तू संपवतेस, आणि ते मला यापुढे नको आहे.

बाबा, आता तुमच्याविषयी. कुरकुर न करता ऐकाल अशी खात्री आहे. कुस्करलेल्या बटाट्याने रक्तातली साखर भराभर वाढते, म्हणून एका वेळी एकच लहान वाटी. त्या जेवणात भात घ्यायचा नाही, कारण ही वाटी भाताच्याच जागेची आहे. सोबत मुगाचे घट्ट वरण, गाळलेले दुधीचे सूप, किंवा चालत असेल तर मऊ अंडे घ्या, नुसत्या बटाट्यावर अंगात ताकद येणार नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. गुरुवारी डॉक्टरांकडे जाल तेव्हा साखरेचा कागद सोबत न्या आणि हेही त्यांना विचारून घ्या. हे 'आजाऱ्याचे खाणे' आहे म्हणून ताट सारू नका. मला गोवर आला होता तेव्हा मी आठ दिवस काही गिळत नव्हते आणि तुम्ही कामावरून आल्या आल्या, कपडेही न बदलता, माझ्या उशाशी बसून तूप-मिठाचा बटाटा बोटांनी कालवून एकेक घास भरवला होता. तेव्हा तुम्ही मला म्हणाला होता की हा राजाचा घास आहे. मी तो राजाचाच समजून खाल्ला, बाबा.

मी परत आले याचे वाईट वाटून घेऊ नका. रजा संपली होती आणि आणखी मागणे शक्य नव्हते, पण शनिवारी सकाळी मी येणारच आहे, आणि बुधवारी कामावरून परस्पर येऊन जाईन. मोठा कुकर मी वापरायला काढलेला नाही, कागदात गुंडाळून कपाटावर ठेवला आहे. गणपतीत दादा मुलांना घेऊन येईल तेव्हा तो मी स्वतः परत आणीन, आणि त्या दिवशी तू हवे तेवढे बटाटे उकड, मी एक शब्द बोलणार नाही.

तुमची,
मनू

ता. क. नव्या कुकरची शिट्टी लावण्याआधी झाकणाची नळी रोज उजेडासमोर धरून आरपार दिसते का ते पाहावे. हे काम बाबांनी करावे, आईला चष्म्याशिवाय ते दिसत नाही आणि ती चष्मा लावत नाही.